नऊ तासांचं भजन

अप्पा गेले तेव्हा त्यांच्या मातीला भजन दोन तासांत आटपलं. ऊन कडक होतं, मंडळींना जेवायला घरी जायचं होतं आणि विधी करणाऱ्या स्वामींना पुढं दुसऱ्या गावाला एक कार्य होतं. टाळ वाजवणाऱ्यांपैकी दोघं माझ्यासमोरच म्हणाले, "म्हाताऱ्यानं जन्मभर बसवून ठेवलं आपल्याला. आज तरी लवकर सुटू." मला त्यांचा राग आला नाही. उभी राहून राहून माझेही पाय भरून आले होते.

वडवणीत अप्पांचं भांड्याचं दुकान होतं. मी मूळची युसूफ वडगावची, त्यांच्या बायकोच्या माहेरची. शाळा चौथीपर्यंत. नवरा लवकर मेला, सासरी कुणी ठेवून घेतलं नाही, तेव्हा अक्कानं, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, मला आणून मागच्या अंगणातली पत्र्याची खोली दिली. आम्ही दोघीही लिंगायत, त्यामुळं स्वयंपाकघरात जायला अडचण नव्हती. भाकरी, धुणं, अंगण माझ्याकडं आणि खोली फुकट. त्या खोलीत माझी वीस-बावीस वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत अप्पांनी मला नावानं हाक मारली नाही. "वडगावची, पाणी दे." "वडगावची, दिवा लाव." माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

माणूस उंच, वाळका, कान मोठे. दुकानात कुणी पातेलं घ्यायला आलं की ते पातेलं उचलायचे, बोटानं वाजवायचे, डोळे मिटून ऐकायचे. आवाज बसका निघाला तर बाजूला ठेवायचे.

"हे देत न्हाई. ह्याला आतून चीर हाय."

"अप्पा, मला त्यात वरण शिजवायचंय, त्याला गायला न्हाई लावायचं."

"मग दुसरीकडून घे."

गिऱ्हाईक खरंच दुसरीकडून घ्यायचं. दुकान तरीही चालायचं, कारण अप्पांच्या दुकानातलं भांडं फुटत नाही असं लोकांचं मत होतं.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. "अर्धवट ऐकणाऱ्यापरीस बहिरा बरा." पोरांना, गिऱ्हाइकांना, कीर्तनातून मधेच उठणाऱ्यांना, सगळ्यांना तेच. एकदा बसच्या कंडक्टरलाही म्हणाले होते. त्यानं उलट विचारलं, "मग तुमी उतरता का?" अप्पा उतरले आणि चार मैल चालत आले.

आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. आंघोळ घालतात, भस्म लावतात, मांडी घालून भिंतीशी बसवतात, आणि नातेवाईक जमेपर्यंत त्याच्यासमोर भजन चालतं. मग बसलेल्यालाच उचलून नेतात आणि बसलेल्यालाच पुरतात. वडवणीत आणि आसपासच्या गावांत कुणाकडं माती झाली की भजनाला अप्पा जायचे. त्यांच्या गळ्यात गोडवा नव्हता, पण दम होता. एकदा भजन सुरू झालं की माणूस उठेपर्यंत, म्हणजे उचलून नेईपर्यंत, ते तुटू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. पाणी प्यायला एकजण थांबला तर बाकीच्यांनी ओढायचं. कुणाचा घसा बसला तर त्यानं नुसते टाळ वाजवायचे. असा नियम कुठं लिहिलेला होता, मला माहीत नाही. स्वामींनी एकदा सांगून पाहिलं, "अप्पा, एवढं काही न्हाई शास्त्रात." अप्पा म्हणाले, "शास्त्रात नसंल. माझ्यात हाय."

आणि ते सगळं ते टेपवर भरून घ्यायचे. ह्यावरून लोक त्यांना वेडा म्हणत.

त्यांच्याजवळ दोन टेपरेकॉर्डर होते. कॅसेटची एक बाजू पाऊण तासात संपते, ती उलटायला वेळ जातो, तेवढ्यात भजनाच्या चार ओळी सुटतात. म्हणून दोन. पहिल्याची बाजू संपत आली की दुसरा सुरू करायचा, मगच पहिल्याची कॅसेट उलटायची. गळा चालूच आणि डावा हात बटणावर. लाइटीचा भरवसा नव्हता म्हणून सगळं सेलवर. मेलेल्याच्या घरात रडारड चाललेली असायची आणि हा माणूस कोपऱ्यात सेल बदलत बसलेला असायचा. बायकांना ते किळसवाणं वाटे. मलाही वाटायचं. कॅसेटवर मेलेल्याचं नाव लिहायचे नाहीत. तास लिहायचे. "सहा तास." "साडेचार तास." नावावरून नाही, तासांवरून त्यांना माणसं आठवायची.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याची आई गेली तेव्हाची गोष्ट. पुढारी मुंबईहून उशिरा आला, मागं पन्नास गाड्या. त्याच्या माणसानं येऊन सांगितलं, भजन थांबवा, साहेबांना दोन शब्द बोलायचेत. अप्पांनी नकाराची मान हलवली. माणूस परत आला, "अहो, थांबवा म्हणलं ना." अप्पांनी टाळ न थांबवता मधल्या श्वासात सांगितलं, "साहेबाला म्हणावं, बोलायचं तर टाळाच्या वरून बोला." पुढारी बोललाच नाही. हात जोडून बसून राहिला. सहा-सात महिने गावात हीच गोष्ट. अप्पांना ती कुणी सांगितली की ते खूश व्हायचे, पण तसं दाखवायचे नाहीत.

तेराव्या दिवशी ते मेलेल्याच्या घरी कॅसेटी नेऊन द्यायचे. लोक घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि माळ्यावर टाकायचे. एका विधवेनं तिच्या नवऱ्याच्या भजनावर सिनेमाची गाणी भरून घेतली. अप्पा रस्त्यानं जाताना त्यांना ती गाणी ऐकू आली, आणि दोन गाण्यांच्या मधे स्वतःचा टाळ ऐकू आला. ते सरळ तिच्या घरात गेले आणि कॅसेट काढून घेतली. ती बाई मागं लागली, "अप्पा, माझी कॅसेट हाय ती!" अप्पा म्हणाले, "तुझी न्हाई, त्याची हाय." बाई पण कमी नव्हती. म्हणाली, "जित्तेपणी त्याचं ऐकलं तेवढं बस झालं की."

ही झाली अप्पांची वरची बाजू. गावाला तेवढीच माहीत होती.

त्यांना एकच लेक. तिला आम्ही ताई म्हणायचो. हुशार होती. पुण्याला इंजिनियर झाली आणि तिथंच परजातीच्या मुलाशी कोर्टात लग्न करून अमेरिकेला गेली. अप्पांनी आरडाओरडा केला नाही. बोलणं बंद केलं, बस. तिचं पत्र आलं की न फोडता अक्काच्या पुढ्यात ठेवायचे. रविवारी दुपारी तिचा फोन यायचा, त्या वेळी ते दुकानात जाऊन बसायचे. रविवारी दुकान बंद असायचं, तरी आत जाऊन बसायचे. सहा वर्षं असं चाललं. ताईला मुलगी झाली ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "भाकर करपायली बघ."

मग अक्काच्या पोटात गाठ निघाली. बीडला नेलं, औरंगाबादला नेलं, परत आणलं. ताईला अक्कानं फोनवर काही कळू दिलं नाही. "उगं काळजी करंल. बरं वाटल्यावर सांगीन," म्हणायची. तेव्हाच तिनं मला एका चिठ्ठीवर ताईचा नंबर लिहून दिला. "यळ पडली तर लाव," म्हणाली. मी चिठ्ठी डाळीच्या डब्यात ठेवली.

शेवटचे चार दिवस अक्का पूर्ण शुद्धीवर होती आणि सारखी म्हणत होती, "ताईला बोलवा." पहिल्या दिवशी मी अप्पांना सांगितलं. "बघू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सांगितलं. "बघू म्हणलं ना." तिसऱ्या दिवशी ते तिच्या खोलीत गेलेच नाहीत. घरातल्या फोनला कुलूप होतं, परदेशी लागत नसे. पण बस स्टँडजवळ एसटीडीचं दुकान होतं आणि नंबर माझ्याजवळ होता. मी गेले नाही. अप्पांच्या मनाविरुद्ध गेले तर खोली जाईल, असा मी विचार केला. आता कुणाला सांगायला लाज वाटत नाही, तेवढं वय झालं.

पाचव्या दिवशी दिवस उगवायला अक्का गेली. तिची बहीण आष्टीला दिलेली, ती येईपर्यंत थांबायचं ठरलं, आणि तिची गाडी वाटेत बिघडली. म्हणून भजन आठला सुरू झालं ते पाच वाजेपर्यंत चाललं. नऊ तास. वडवणीत एवढं भजन आधी कुणाचं झालेलं नव्हतं. अप्पा स्वतःच्या बायकोसमोर बसून गायले, स्वतःच कॅसेटी उलटल्या. डोळ्याला पाणी नाही. लोक म्हणाले, धन्य माणूस. मला धन्य वाटलं नाही.

दुपारी एकच्या सुमाराला ते कॅसेट बदलायला टाळ ठेवून कोपऱ्यात वाकले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. माझं डोकं फिरलेलं होतं. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "चार दिवस अक्का ताईला बोलवा म्हणत व्हत्या. तुमाला रोज सांगितलं. कावून न्हाई कळवलं?"

"हळू बोल."

"आन् आता हे कुणासाठी भरून घ्यायलेत?"

"ती आली असती तर लोकं हिला भेटायला आले नसते. तिला बघायला आले असते."

"अक्कानं तर बघितलं असतं तिला."

त्यांनी पाणी घेतलं नाही. टाळ उचलले. मी उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनचं कुलूप काढायला लावलं आणि ताईला फोन केला. मी अंथरुणं गुंडाळत होते, सगळं ऐकलं. "तुझी आई गेली. काल. ... न्हाई, अचानक. झोपेतच. तिला काही कळलं न्हाई, आमाला बी न्हाई." पलीकडं ती रडत असावी. बराच वेळ ते नुसता फोन कानाला लावून उभे होते. मग म्हणाले, "हाय की. पुरं हाय, नऊ तास. पाठवतो."

तिनं भजन मागितलं होतं. मातीला येता आलं नाही, निदान आवाज तरी ऐकते, म्हणाली. एवढ्या वर्षांत त्या कॅसेटी आपणहून मागणारी ती पहिलीच.

त्या दिवसापासून अप्पा बदलले. रविवारी दुकानात जायचं बंद झालं. सकाळीच आंघोळ करून, टोपी घालून फोनजवळ बसायचे. ताई फोन करायची, पाच-दहा मिनिटं बोलायची. नात तिकडून "आजोबा" म्हणायची, ते ह्यांना पुरेसं व्हायचं. येत्या मे महिन्यात नातीला घेऊन येते, असं ती म्हणाली, तेव्हा अप्पांनी माडीवरच्या खोलीला रंग दिला. नातीसाठी पितळेची चूल-बोळकी मागवली आणि एकेक वाजवून बघितली. आयुष्यात मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर बघवत नव्हतं, कारण सगळं एका खोट्यावर उभं होतं, आणि ते खोटं आम्हा दोघांनाच माहीत होतं.

ताईकडं टेप नव्हता. तिकडं सगळं कंप्युटरवर, म्हणाली. बीडला एकानं नवीन नेट कॅफे काढला होता, तिथं कॅसेटचा आवाज कंप्युटरमधे घालून देतात असं कळलं. अप्पा आणि मी दोन टेप आणि सगळ्या कॅसेटी घेऊन एसटीनं बीडला गेलो. मी कशाला, तर ओझं उचलायला. कॅफेवाला तिशीचा, बोलका माणूस होता. त्यानं वायर जोडली. नऊ तासांच्या कॅसेटी घालायला नऊ तासच लागतात, हे ऐकून अप्पा खूश झाले. "बरोबर हाय," म्हणाले. तीन दिवस आम्ही जात-येत होतो. दोन टेपांतलं एकावर एक आलेलं तो काढायचा आणि सांधा असा जुळवायचा की कळायचं नाही. अप्पा त्याला म्हणाले, "तू आमच्यात जन्माला यायचा व्हता."

तिसऱ्या दिवशी अप्पा चहाला बाहेर गेले तेव्हा त्यानं कानावरचा हेडफोन काढला आणि मला जवळ बोलावलं. "मावशी, पाचव्या तासात तुमचं आन् अप्पांचं बोलणं आलंय. मागं भजन चालूच हाय, पण बोलणं स्वच्छ ऐकू यायलंय. काढून टाकू का? मिनिटाचं काम हाय."

मी म्हणाले, "टाक काढून." मग वाटलं, ह्या माणसाला न विचारता त्याच्या भजनाला हात लावला तर घरातून हाकलेल. मी त्याला थांबवलं आणि अप्पा आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, स्वतः कानाला लावून. दोनदा ऐकलं. मग कॅफेवाल्याला म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

"अप्पा, एक मिनिट गेल्यानं काय व्हतंय?"

"भजनाला कात्री लागत न्हाई."

त्या नऊ तासांची एक चकती, म्हणजे सीडी, करून दिली त्यानं. अप्पांनी ती दुकानातल्या दोन स्टीलच्या ताटांमधे ठेवली, वरून सुतळीनं आवळली, फडक्यात शिवली आणि कुरियरनं पाठवली. "ताटात ठेवलेलं फुटत न्हाई," म्हणाले. महिन्याभरानं ताईचा फोन आला. ताटं पोचली, पण चकतीचे मधोमध दोन तुकडे झालेत. सुतळी इतकी आवळली होती की ताटंच वाकली होती. मला हायसं वाटलं. वाटलं, देवानंच हे मिटवलं.

पण मिटलं नाही. वर्षाचा दिवस जवळ आला तेव्हा ताई म्हणाली, त्या दिवशी मी कामावर रजा काढते आणि आईचं भजन सगळं ऐकते. दहाच दिवस राहिले होते. कुरियर पोचलं नसतं. आम्ही पुन्हा बीडला. कॅफेवाला म्हणाला, आता तारेतूनच पाठवावं लागंल, ईमेलनं.

"मग पाठव."

"एवढं मोठं जात न्हाई हो त्यातून. न्हाणीच्या मोरीतून म्हैस काढल्यावानी हाय ते. पन्नास-साठ तुकडे करून एकेक पाठवू. तिकडं त्यांनी जोडायचे."

"तुकडे न्हाई."

"अप्पा, ताईंना जोडता येत्यात की!"

"आन् मधला एक न्हाई पोचला तर? तुकडे न्हाई."

कॅफेवाल्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, एक जागा असते नेटवर, तिथं अख्खं नेऊन ठेवायचं, ताई तिकडून उतरवून घेतील. पण आपली लाइन एवढीशी. पंधरा-सोळा तास लागतील, आणि मधे तुटलं तर पहिल्यापासून. अप्पा म्हणाले, "हे बरोबर हाय." त्यांना ते आपल्या नियमासारखं वाटलं.

पहिल्या दिवशी तीन तास झाले आणि लाइट गेली. दुसऱ्या दिवशी सात तास झाले आणि फोनची लाइन तुटली. अप्पा पडद्यासमोर खुर्चीत ताठ बसलेले. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची. ते तिच्याकडं असे बघायचे, जसं कुणाचा तरी श्वास चाललाय का बघतात. बाकी गिऱ्हाइकं हसायची. एकानं विचारलं, "अप्पा, काय लग्नाचा पिक्चर हाय का?" अप्पा म्हणाले, "मातीचा हाय." तो खुर्ची ओढून लांब बसला.

तिसऱ्या वेळी अप्पांनी मांडववाल्याचं जनरेटर भाड्यानं आणून कॅफेसमोर उभं केलं. सकाळी लावलं. दुपारी कॅफेवाला जेवायला गेला तेव्हा मी अप्पांच्या शेजारी बसले.

"अजून यळ हाय," मी म्हणाले. "तेवढं एक मिनिट काढा. पोरगी मे महिन्यात येणार हाय. कळलं तर येणार न्हाई."

ते पट्टीकडंच बघत होते. "नऊ तास कोण ऐकतंय?" म्हणाले.

"ती ऐकते म्हणली."

"म्हणत्यात सगळे. एवढ्या घरी कॅसेटी दिल्या, पुरं कुणी ऐकलं न्हाई. घटकाभर ऐकंल, रडंल, बंद करंल. पाचव्या तासाला कोण पोचतंय?"

"तुमी? तुमी तर ऐकता ना?"

मग म्हणाले, "मी बी न्हाई."

हे ऐकून मला काय वाटलं ते मी इथं लिहीत नाही. पुढं गावात काहींनी मला सांगितलं की अप्पांना मनातून पोरीला कळावंसंच वाटत होतं. तसं काही नव्हतं. त्यांना पोरगीही हवी होती आणि भजनही अख्खं हवं होतं. दोन्ही ठेवायला त्यांनी जगावर एक पैज लावली, की कुणी कुणाचं पुरतं ऐकत नाही. आणि मी? मी पुन्हा गप्प बसले. कॅफेवाला एकटा होता तेव्हा त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर कॅफेवाला दारातच उभा. "पोचलं अप्पा, अख्खं! ताईंनी तिकडं अर्ध्या तासात उतरवून पण घेतलं." अप्पांनी त्याला आणि जनरेटरवाल्याला पेढे दिले.

वर्षाचा दिवस झाला. त्यानंतर तीन दिवसांनी दुपारी फोन वाजला. अप्पा दुकानात होते. मी उचलला.

"मावशी, अप्पा आहेत?"

"दुकानात हायत. बोलावू का?"

"नको. तुझ्याशीच बोलायचंय." आवाज अगदी साधा होता. "पाचव्या तासात तुझा आवाज आहे."

"हाय."

"पहिल्यांदा वाटलं मला भास झाला. म्हणून पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. चार दिवस?"

"चार."

"झोपेत गेली म्हणाले होते."

"न्हाई. शुद्धीवर व्हत्या."

"तुझ्याकडं माझा नंबर होता. आईनंच सांगितलं होतं मला, मावशीकडं देऊन ठेवलाय म्हणून."

"व्हता."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, "फोन आलता?"

"आलता."

"ऐकलं का तिनं?"

"सगळं. दोनदा."

त्यांनी हातातला घास खाल्ला. उरलेली भाकर पण खाल्ली. हात धुतला. पुढच्या रविवारी टोपी घालून फोनजवळ बसले ते दीड वाजेपर्यंत. त्याच्या पुढच्या रविवारी पण. एकदा त्यांनीच फोन लावला, जावयानं उचलला आणि ती बाहेर गेलीय म्हणाला. मे महिना आला आणि गेला. माडीवरच्या खोलीत कांदे ठेवायला लागलो.

मला ते काही बोलले नाहीत. खोलीतून काढलं नाही. जिच्यासाठी मी गप्प बसले ती पत्र्याची खोली शेवटपर्यंत माझ्याकडं राहिली. उन्हाळ्यात तिच्यात बसवत नाही, पावसाळ्यात गळते.

ह्यातून माणूस सुधारला म्हणाल, तर नाही. ते मातीला जातच राहिले, भजन तसंच ओढत राहिले, टेप नेतच राहिले. उलट जास्त कडक झाले. एका घरी लेकीला शेवटचं तोंड दाखवायला घटकाभर भजन थांबवा, असं घरचे म्हणाले, तर अप्पांनी थांबवलं नाही. त्या पोरीनं टाळांच्या कल्लोळातच आईच्या पायावर डोकं ठेवलं. लोकांनी हळूहळू त्यांना बोलवणं बंद केलं.

सात वर्षांनी लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं मात्र शाबूत होतं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांपेक्षा जास्त नाही. त्यांनी ताईचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. तोवर माझ्याकडं मोबाईल आला होता. डाळीच्या डब्यातली चिठ्ठी पिवळी पडली होती, पण आकडे दिसत होते. नंबर तोच निघाला. त्याच दिवशी, डॉक्टर गेल्या गेल्या, मी अंगणात उभं राहून फोन लावला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शुद्धीवर आहेत?"

"हायत. बोलायलेत."

"मग त्यांना सांग, मला वेळेवर कळवलं. आणि मी येणार नाही."

मी आत गेले. अप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगणार तेवढ्यात त्यांनी मान वळवली.

"कुणी कळवलं?"

"मी."

"कुणाला इचारून?"

"कुणाला न्हाई."

ते माझ्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं.

"मग तवा कावून न्हाई कळवलंस?"

त्यानंतर ते तीन दिवस जगले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.